सोडियम इलेक्ट्रॉन 'आनंदाने' देत नाही

अणूंचे आयन (म्हणजे प्रभार असलेले अणू) कसे बनतात यावरचा तुमचा लेख आवडला, पण 'धातूचा अणू इलेक्ट्रॉन आनंदाने देऊन टाकतो आणि धन आयन बनतो' हे वाक्य खटकलं. मी पेडण्यात दहावीच्या शिकवण्या घेते. मुलांच्या डोक्यातून नेमकी हीच समजूत काढताना नाकी नऊ येतात.

सोडियमकडे 11 प्रोटॉन, 11 इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनांची कवचांतली मांडणी 2, 8, 1. बाहेरचा एकटा गेला की 11 विरुद्ध 10, म्हणून एक धन प्रभार. इथवर बरोबर. पण तो एकटाही फुकट सुटत नाही. वायुरूप अणूंपासून तो काढायला दर मोलला (अणू मोजायचं ठरलेलं माप) 496 किलोज्यूल मोजावे लागतात! क्लोरीन तो घेताना 349 किलोज्यूल परत करतो, म्हणजे अजून तोटाच. तो भरून निघतो विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांना धरून स्फटिक रचतात तेव्हा. त्यात 787 च्या आसपास सुटतात. आणि दुसरा इलेक्ट्रॉन काढायला तब्बल 4562 लागतात, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातला. म्हणून सोडियम एकावरच थांबतो.

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीनच्या आयनांचा हाच स्फटिक. आगरवाड्याच्या मिठागरातला खडा मी मुलांना भिंगाखाली दाखवते. काटकोनी कडा, पायऱ्यापायऱ्यांची बाजू. खाडीच्या पाण्यात हे आयन सुटेच असतात, तिथे कोणी कोणाला इलेक्ट्रॉन देत नाही; पाणी आटलं की ते नुसते रांगेत बसतात. मुलांचा इथेच हमखास गोंधळ होतो.

लेखात एवढी दुरुस्ती जरूर करा, मुलं हेच वाचून पेपर लिहितात.