बोट सेफ्टीचा दाखला असताना सर्व्हे कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तिचा सारांश: तुमची नोकरी बर्मिंगहॅमला, पगाराचा मोठा वाटा घरभाड्यात जातो, म्हणून राहण्यासाठी ५७ फुटी, १९९४ सालची नॅरोबोट (कालव्यांवर चालणारी लांब, अरुंद पोलादी बोट) बघून ठेवली आहे. मागणी ३८ हजार पौंड. विकणाऱ्याकडे बोट सेफ्टी स्कीमचा (बोटीच्या सुरक्षिततेच्या तपासणीचा) ताजा दाखला आहे, गेल्या वर्षीचा सर्व्हे (तज्ज्ञाने केलेली बोटीची तपासणी) आहे, तळाला नवा पत्रा चढवलेला आहे, ब्लॅकिंगही (पाण्याखालच्या पत्र्याला काळा संरक्षक थर देणं) नुकतंच झालंय. मूरिंग (बोट बांधून ठेवायची कायमची जागा) न घेता बोट फिरती ठेवायची. एवढं सगळं असताना ‘स्वतःचा सर्व्हेअर नेमल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका’ असं सांगणं म्हणजे लोकांना उगाच घाबरवणं, असा तुमचा आक्षेप.

बोट तीस वर्षांची आहे म्हणून ती टाकाऊ, असं मी म्हणत नाही. नीट निगा राखलेली १९९४ ची बोट दुर्लक्षित २०१० च्या बोटीपेक्षा केव्हाही बरी. ५७ फूट ही लांबीही उत्तम, जवळजवळ सगळ्या कालव्यांच्या लॉकमध्ये (बोट वर-खाली नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या कोठीत) बसते. प्रश्न कागदांचा आहे. तुमच्या हातातल्या चारही गोष्टींपैकी एकही आज पोलाद किती उरलंय ते सांगत नाही.

बोट सेफ्टीचा दाखला चार वर्षांसाठी असतो. त्यात गॅसची जोडणी, वायरिंग, इंधनाची टाकी, आगीपासून बचाव, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हे तपासतात. त्याच्याशिवाय कालव्यावर बोट ठेवायचं लायसन्स मिळत नाही, हे खरं. पण ही तपासणी बोट पाण्यात असतानाच होते. पाण्याखालच्या पत्र्याकडे तपासनीस बघतच नाही, त्याचं ते कामच नाही.

गेल्या वर्षीचा सर्व्हे विकणाऱ्याने करवून घेतला. सर्व्हेअरची जबाबदारी ज्याने पैसे दिले त्याच्यापुरती. उद्या खोट निघाली तर त्या अहवालावर तुम्हाला दावा सांगता येणार नाही. तो जरूर वाचा, पण जुनी रीडिंग्ज नव्या रीडिंग्जशी ताडून पाहण्यासाठी. आणि एक बघा: तो सर्व्हे तळाला पत्रा चढवण्याआधीचा की नंतरचा?

आता त्या नव्या पत्र्याबद्दल. तुम्ही तो जमेची बाजू धरलाय, मला तिथेच सर्वांत जास्त काळजी वाटते. त्या काळातल्या बऱ्याच बोटींचा तळ १० मिलिमीटर, पाण्यात बुडणाऱ्या बाजू ६ मिलिमीटर, केबिन ४ मिलिमीटर असं माप असतं. गंज सगळीकडे सारखा लागत नाही. तो खड्डे पाडतो, विशेषतः पाण्याच्या रेषेलगत आणि तळाच्या कडेला. म्हणून ध्वनीने जाडी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रावर ५.२ मिलिमीटर आकडा आला तरी शेजारच्या २.५ मिलिमीटर खोल खड्ड्यात उरतात फक्त २.७. चांगला सर्व्हेअर ब्लॅकिंग खरवडतो, ठरावीक अंतरावर जाडी मोजतो आणि खड्ड्यांची खोली वेगळी मोजतो. बऱ्याच विमा कंपन्या किमान ४ मिलिमीटर उरलेलं बघतात. शिवाय जुन्या बोटीला सर्वसमावेशक विमा देण्याआधी त्या हलचा (बोटीच्या पोलादी सांगाड्याचा) सर्व्हे मागतात. म्हणजे हा खर्च बहुधा तसाही टळणार नाही. मग तो पैसे देण्याआधीच का करू नये?

खड्डे फार झाले की त्यांच्यावर दुसरा पत्रा वेल्ड करतात. काम चोख झालं असेल तर बोट आणखी बरीच वर्षं चालते. पण तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, यंत्राचा ध्वनी बाहेरच्या पत्र्याच्या पाठीवरून परत फिरतो. आतल्या जुन्या पत्र्याची अवस्था त्याला दिसत नाही. म्हणून काम करतानाचे फोटो आणि बिल मागा. दुसरी, वेल्डमध्ये फट राहिली तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचतं आणि गंज आतून चालू राहतो. तिसरी गोष्ट वजनाची, आणि ती फारशी कोणी विचारत नाही. ५७ फूट लांब, ६ फूट १० इंच रुंद तळाचं क्षेत्रफळ साधारण ३५ चौरस मीटर. त्यावर ६ मिलिमीटरचा पत्रा म्हणजे दीड टनाहून जास्त पोलाद. एवढ्या वजनाने बोट चारेक सेंटीमीटर खाली बसते. इंजिनच्या खोलीची जाळी, सिंकची आणि शॉवरची भोकं तेवढीच पाण्याजवळ येतात. पाण्यापासून सर्वांत खालच्या भोकापर्यंत २५० मिलिमीटर अंतर असावं असं सर्व्हेअर धरतात. पत्रा चढवताना आतलं बॅलास्ट (बोट स्थिर राहावी म्हणून तळाशी ठेवलेलं वजन) कमी केलं का, हे विकणाऱ्याला विचारा आणि टेप घेऊन ते अंतर स्वतः मोजा.

ताज्या ब्लॅकिंगनेही हुरळून जाऊ नका. बिट्युमेनचा थर दोन-तीन वर्षांनी द्यावाच लागतो. विक्रीच्या तोंडावर दिलेला थर खड्डे झाकतो, इतकंच. ॲनोडही (पोलादाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे) पाहा. गोड्या पाण्यात ते मॅग्नेशियमचे लागतात. दोन वर्षांतच झिजून त्यांचा खुंट उरला असेल तर किनाऱ्यावरच्या विजेच्या जोडणीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आहे का, ते तपासा. तो नसेल तर अर्थिंगच्या तारेतून तुमची बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते आणि तुमचे ॲनोड त्यांचंही पोलाद वाचवत झिजतात. ॲनोड संपले की तुमच्या हलची पाळी.

बोट पाण्यात असतानाही एक तपासणी तुम्हाला स्वतः करता येते. केबिनच्या अगदी मागे, इंजिनच्या खोलीच्या भिंतीलगत जमिनीत एक छोटं झाकण असतं. ते उचला आणि खाली कोरडा टिश्यू फिरवा. बोट मागच्या बाजूला किंचित झुकलेली असते, त्यामुळे खिडकीची गळती, शॉवरच्या ट्रेची चीर, गरम पाण्याच्या टाकीचा सैल सांधा, सगळ्यांचं पाणी तिथेच येऊन थांबतं. टिश्यू ओला निघाला तर तळ आतूनही गंजतोय. झाकणच नसेल तर जमिनीची एखादी फळी उचलू द्यायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आता फिरत्या बोटीबद्दल. मूरिंगचे पैसे वाचतात, हे खरं. पण १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही आणि बोट खरोखर प्रवासासाठी वापरली जायला हवी. दोन जागांमध्ये ये-जा केलेली चालत नाही. वर्षभरातला पल्ला २० मैलांहून कमी असेल तर कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचं (कालवे सांभाळणारी आणि लायसन्स देणारी संस्था) समाधान होणं अवघड. त्यांची माणसं बोटींचे नंबर टिपत फिरतात. आधी पत्र येतं, मग लायसन्सची मुदत कमी होते, शेवटी ते रद्द होतं. शिवाय एप्रिल २०२४ पासून मूरिंग नसलेल्या बोटींना लायसन्सवर अधिभार लागला आहे. तो ५ टक्क्यांपासून सुरू होऊन २०२८ पर्यंत २५ टक्क्यांवर जायचा आहे.

नोकरी बर्मिंगहॅमलाच असेल तर कागदावर पूर्ण वर्ष मांडा. वूस्टर–बर्मिंगहॅम कालवा घ्या. ३० मैल, ५८ लॉक. मैल अधिक लॉक, भागिले तीन, हा वेळेचा ढोबळ हिशोब, म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला साधारण २९ तास. ऑल्व्हचर्च आणि ब्रॉम्सग्रोव्ह ही रेल्वे स्टेशनं कालव्यापासून फार दूर नाहीत, तिथून कामावर जाता येईल. पण या दोन गावांच्या मध्ये टार्डबिगचे सलग ३० लॉक आहेत. ते शनिवार-रविवारीच चढावे-उतरावे लागतील, आणि तेही एकट्याने की सोबत कोणी घेऊन, ते ठरवा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात. त्यांची यादी आधीच जाहीर होते, ती बघितल्याशिवाय हिवाळ्याचा आराखडा करू नका. या मांडणीत पाणी कुठे भरायचं आणि कॅसेट टॉयलेट कुठे रिकामं करायचं, तेही लिहा. कायमचा पत्ता नसतो, त्यामुळे गाडीचा विमा, बँक, ड्रायव्हिंग लायसन्स यांसाठी कोणाचा पत्ता वापरणार, हे बोट घेण्याआधी त्या माणसाशी बोलून घ्या. मरीनात जागा घेणार असाल तर तिथे कायम राहायची परवानगी आहे का, ते लेखी मागा. बऱ्याच मूरिंग फक्त सुट्टीतल्या वापरापुरत्या असतात.

विजेचं थोडक्यात: ११० अँपिअर-अवरच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या म्हणजे ४४०, त्यातले निम्मेच वापरायचे. नुसता फ्रिज दिवसाला ४०–५० खातो. डिसेंबरात सोलर नावापुरतं असतं आणि थांबलेल्या बोटीत रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवता येत नाही. लॅपटॉपवर काम करणाऱ्याने हे गणित आधी मांडावं.

बोट आवडली असेल तर सोडू नका. ‘सर्व्हेच्या अधीन’ असं लिहून ऑफर द्या. अनामत साधारण १० टक्के असते. दुरुस्तीचा खर्च ठरावीक रकमेवर गेला तर किंमत कमी होईल किंवा अनामत पूर्ण परत मिळेल, हे त्याच कागदावर घ्या. सर्व्हेअर तुम्ही निवडा, ब्रोकरने सुचवलेला नको. सर्व्हे आणि बोट बाहेर काढणं मिळून हजार पौंडांच्या आसपास जातील. आधीच्या खरेदी-विक्रीची सगळी बिलं बघा, कारण लायसन्स हा मालकीचा पुरावा नाही. ते तुमच्या नावावर आपोआप होतही नाही, नवीन काढावं लागतं.

रीडिंग्ज हातात आली की इथे टाका. पाण्याच्या रेषेवरची, तळाच्या कडेची आणि खड्ड्यांची खोली वेगवेगळी लिहा. मग किमतीबद्दल नेमकं बोलता येईल.