आईला कुशीवर वळवायला माणूस पाहिजे

गेल्या जूनमध्ये आई न्हाणीतून बाहेर येताना घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन रत्नागिरीत झालं, चांगलं झालं, योजनेत बसलं त्यामुळे पैशावाचून काही अडलं नाही. अडलं ते घरी आणल्यावर. डिस्चार्जच्या वेळी सिस्टर सांगत होत्या, दर दोन तासांनी कूस बदला, पाठ कोरडी ठेवा, दोघांनी धरून वॉकरवर उभं करा. मी हो हो म्हणत होतो आणि डोक्यात एकच चाललेलं, माझी रजा वीस दिवसांची आहे, एकविसाव्या दिवशी हे कोण करणार?

आमच्या वाडीत चौदा घरं, त्यातली नऊ गणपतीपर्यंत कुलूपबंद. उरलेल्या घरांतली सगळ्यात तरणी म्हणजे शेजारची काकी, ती अठ्ठावन्नची आणि तिचे स्वतःचे गुडघे गेलेले. तिने भाकरी दिली, पाणी भरलं, रात्री सोबतीला येऊन झोपली, पण आईला उचलणार कशी? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी झालेली आहे. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. पुरुष कामधंद्याला मुंबईला, आणि मागे राहिलेल्यांत आता कितीतरी आमच्या आईच्या वयाच्या.

मग पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ठाण्यातल्या ब्युरोंना फोन सुरू केले. सगळीकडे पहिला प्रश्न, पेशंटचं वजन किती. दुसरा, हायवेपासून किती आत. पुढचं ऐकून बहुतेकांनी नंतर कळवतो म्हणून फोन ठेवला. एक मावशी आल्या आणि पाचव्या दिवशी गेल्या. त्यांना मी दोष देणार नाही, अनोळखी गाव, धो धो पाऊस, मोबाईलला रेंज नाही, दिवसरात्र एकटीने एक माणूस सांभाळायचं आणि रात्री लाईट जायची. लाईट गेली की एअरबेडचा पंप बंद, गादी हळूहळू बसते आणि आई थेट फळीवर. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावर जखम झाली. ती भरायला तीन महिने लागले, खुब्यापेक्षा जास्त आईला त्या जखमेने रडवलं.

गावातल्या दोघीतिघींना विचारलं. काजूच्या फॅक्टरीत त्यांना ठरलेला पगार मिळतो, संध्याकाळी घरी येता येतं, त्या का सोडतील? एकीने स्पष्ट सांगितलं, भावोजी, काम करीन पण दुसऱ्याच्या म्हातारीची शी काढते म्हणून गावात नाव होईल. हे काम आपण कायम हलकं मानत आलो, त्याला कधी ट्रेनिंग नाही, नाव नाही, पगार नाही. घरात सून होती तोवर ते फुकटात झालं. आता सून विरारला नोकरी करते आणि तिने ती केलीच पाहिजे. आमच्याकडे शेवटी वहिनीनेच नोकरी सोडली. दहावीतला मुलगा तिकडे, ती इकडे. सगळे म्हणतात किती गुणी सून. मला ते ऐकवत नाही, कारण तिला दुसरा पर्यायच आम्ही देऊ शकलो नाही.

म्हणून 'पोरं बघत नाहीत' हे वाक्य आता सहन होत नाही. नसतील बघत काही, त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे, पोटगी मागता येते. पण पैसे हातात घेऊन माणूस शोधणाऱ्याने कुठे जायचं? सरकार काहीच करत नाही असंही नाही. श्रावणबाळचे १५०० येतात, पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, सत्तरीवरच्यांना ५ लाखांचं आयुष्मान कार्ड आहे. पण ते कार्ड हॉस्पिटलच्या दारापर्यंतचं, आणि एसटीच्या स्टॉपपर्यंत आईला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरवणार कोण? अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना आरोग्य कर्मचाऱ्याने घरी जाऊन बघावं असं केंद्राच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात आहे. आमच्या आशाताई दोनदा येऊन गेल्या, आपुलकीने आल्या, पण हजार लोकसंख्येमागे एक आशा, गरोदर बायका तिच्याकडे, लसीकरण तिच्याकडे, सर्व्हे तिच्याकडे, ती आणि किती करणार?

केरळात ग्रामपंचायतीच्या मार्फत नर्स घरी येते, जखम बघते, लघवीची पिशवी बदलते, घरच्यांना शिकवते. २००८ मध्ये त्यांनी तसं धोरणच केलं आणि गावोगावचे स्वयंसेवक त्यात आहेत. आपल्याकडे गावात अंगणवाडीताई असते तशी म्हाताऱ्यांसाठी एक पगारी बाई का असू शकत नाही? गावातलीच, तीनचार महिने सरकारी दवाखान्यात शिकलेली, चारपाच घरं रोज फिरणारी.

सरकार करेल तेव्हा करेल. यंदा गणपतीत आपल्या मंडळाची मीटिंग आहे, देवळाच्या सभामंडपाची वर्गणी ठरायची आहे. मी तिथे विषय मांडणार आहे, वर्गणीतला काही भाग बाजूला काढून एक फाऊलर कॉट (डोक्याकडची बाजू वर करता येते ती हॉस्पिटलसारखी खाट), एक एअरबेड इन्व्हर्टरसकट, दोन वॉकर वाडीत ठेवायचे आणि शिकायला तयार असेल त्या बाईला दर महिन्याला काजूच्या फॅक्टरीपेक्षा जास्त पगार द्यायचा. वाडीतल्या ज्यांचे आईवडील गावाला एकटे आहेत त्यांनी त्या दिवशी नक्की या, उशीर झाला तरी या, आपण थांबू.