चायनीज बफेला नावं ठेवण्याआधी

आमच्या ग्रुपचं दुपारचं जेवण चायनीज बफेत ठरलं की कुणीतरी म्हणतंच, "तिथे काय खरं चायनीज मिळतं का? सगळं गोडमिट्ट आणि तळलेलं." या शुक्रवारीही कुणीतरी म्हणालं. मला याचा राग येतो, आणि तो मी तिथल्या तिथे बोलूनही दाखवला. पण पाच जण एकदम बोलायला लागले की मुद्दा पुरा होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आम्ही ओहायोत, कोलंबसच्या बाहेरच्या वस्तीत राहतो. आमचा बफे एका स्ट्रिप मॉलमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या दुकानांच्या रांगेत आहे. एका बाजूला लाँड्रोमॅट, दुसऱ्या बाजूला टॅक्स भरून देणाऱ्याचं ऑफिस. आता आमची पंगत बघा. मालवणचा एक मित्र, कोळंबी दिसली की त्याला दुसरं काही दिसत नाही. एक जैन मैत्रीण, कांदा-लसूणसुद्धा नाही. एक शाकाहारी, पण अंडं चालतं. एकाला डॉक्टरांनी भात बंद केलाय. आणि मी सगळं खाणारी. या सगळ्यांना एका टेबलावर, एकाच दरात, कुणालाही अवघडल्यासारखं न होता पोटभर जेवू घालेल असं दुसरं हॉटेल आमच्या भागात मला माहीत नाही.

त्यातही मंगोलियन ग्रिलवर जे काका उभे असतात त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. जैन मैत्रीण वाडग्यात कोबी, ढोबळी मिरची, ब्रोकोली, टोफू आणि नूडल्स भरून त्यांच्यासमोर ठेवते. काका आधी तापलेल्या तव्यावर पाणी ओततात. चर्रकन वाफ उठते. मग उलथन्याने अख्खा तवा खरवडून सगळं कडेला लोटतात, परत पाणी, परत खरवडणं, आणि त्यानंतरच तिच्या भाज्या तव्यावर पडतात. ऑयस्टर सॉसची, म्हणजे शिंपल्यांपासून केलेल्या सॉसची बाटली ते स्वतःहून बाजूला सारतात. मागे रांग लागलेली असते, तरी त्यांचा हात घाई करत नाही. तिला एवढी काळजी पुरते, आणि ती आमच्याबरोबर जेवते. घरून डबा आणून कोपऱ्यात बसावं लागत नाही.

आता 'खरं चायनीज'चा मुद्दा. बफेत सगळ्यात आधी संपतं ते जनरल त्सो चिकन, म्हणजे गोड-तिखट सॉसमध्ये घोळलेले तळलेल्या चिकनचे तुकडे. हा पदार्थ पेंग चांग-क्वेई या चीनच्या हुनान प्रांतातल्या शेफचा. 1949 मध्ये चीनमध्ये सत्ता पालटली तेव्हा ते तैवानला गेले, तिथे 1950च्या दशकात त्यांनी तो बनवला आणि 1970च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हॉटेल काढलं. त्यांचा मूळ पदार्थ आंबट, तिखट, खारट होता. गोडी अमेरिकेत शिरली, कारण इथल्या गिऱ्हाइकाला ती आवडते. मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफिल्डमध्ये डेव्हिड लिओंग या चिनी शेफनी 1963 मध्ये हेच ओळखून तळलेल्या चिकनवर काजू आणि ऑयस्टर सॉस घातला, आणि आज तो त्या गावाचा मानाचा पदार्थ आहे. आपल्याकडेही हेच झालं. चिकन मांचुरियनचं श्रेय नेल्सन वांग या चिनी वंशाच्या शेफना दिलं जातं. 1975 मध्ये, मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, लसूण-हिरवी मिरची आपली आणि सोया सॉस-कॉर्नफ्लोअर त्यांचं. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या गाडीवर शेजवान राइस खाताना आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही की बाबा, हे चीनच्या सिचुआन प्रांतात, जिथून 'शेजवान' हे नाव आलं तिथे, असंच करतात का? मग अमेरिकेत आल्यावरच आपल्याला 'खरं' कशाला हवं? परक्या गावात दुकान मांडून, समोरच्याची जीभ ओळखून, हाताशी असेल त्या सामानात चव उभी करणं ही मोठी कारागिरी आहे. तिला नकली म्हणणं मला पटत नाही.

आणि हे लोक हॉटेलच्या धंद्यात हौसेने आलेले नाहीत, हेही आपल्या लोकांना ठाऊक असावं असं मला वाटतं. 1882च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती. 1915 मध्ये एका कोर्टाने हॉटेलमालकांनाही व्यापारी धरलं, आणि हॉटेल काढणं हा स्वतः येण्याचा, नातेवाइकांना आणण्याचा एक कायदेशीर रस्ता झाला. म्हणून मग चायनीज हॉटेलं इतकी वाढली. 1943 मध्ये बंदी उठली तेव्हा चिनी लोकांचा वर्षाचा कोटा किती होता? 105. आणि 1946 मध्ये भारतीयांना मिळाला तो 100. दोघांसाठी दार नीट उघडलं ते 1965च्या कायद्याने. त्याच दारातून आपल्यातले कितीतरी इंजिनिअर आणि डॉक्टर इथे आले. आपण त्या लोकांकडे वरून बघावं असं काय आहे?

गेल्या काही दशकांत या धंद्यात फुजियान प्रांतातले लोक फार आले. कित्येक जण चोरून आणणाऱ्या एजंटांचं डोक्याएवढं कर्ज घेऊन आले. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या किनाऱ्याला अशी माणसं चोरून आणणारं 'गोल्डन व्हेंचर' जहाज रुतलं, त्यावर 286 माणसं होती, बहुतेक फुजियानची. दहा जण किनाऱ्यापर्यंत पोहोचायच्या धडपडीत गेले. मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये, मॅनहॅटन ब्रिजखालच्या एजन्सीत या लोकांना नोकऱ्या मिळत. तिथल्या पाट्यांवर गावाचं नाव नसे, फोनचा एरिया कोड, म्हणजे त्या भागाच्या नंबरांचे पहिले तीन आकडे असत. आकडा बघायचा, रात्रीची बस धरायची. आमच्या कोलंबसचा कोड 614. माणसाने आयुष्य कुठे घालवायचं ते तीन आकड्यांवर ठरायचं. हे वाचल्यापासून मला त्या बफेत जेवताना ते विसरता येत नाही.

जरा उशिरा, तीनच्या सुमाराला जा. गर्दी ओसरलेली असते. मागच्या टेबलावर घरातली बाई आणि सासू फरसबीचा डोंगर घेऊन शिरा काढत बसलेल्या असतात, मुलगी शाळेतून येऊन त्यांच्या शेजारीच गणितं सोडवते आणि मधेच उठून फोनवर ऑर्डर घेते, अस्सल ओहायोच्या इंग्रजीत. तीच फरसबी संध्याकाळी लसूण घालून ट्रेमध्ये येते. ही मुलगी हॉटेल चालवणार नाही, आणि आईबापांचीही तशी इच्छा नाही. कॉलेजला जाईल. चांगलंच आहे. पण मग हे बफे कमी होत जाणार हेही खरं. 2020च्या साथीत कित्येक बंद पडले ते परत उघडलेच नाहीत.

म्हणून आपल्या लोकांच्या दोन गोष्टी मला खटकतात. पहिली म्हणजे पैसे वसूल करायचे म्हणून ताट भरून घेणं आणि अर्धं टाकणं. दुपारचा दर तेरा डॉलर एवढा कमी राहतो तो खेकडे फक्त रात्री ठेवल्यामुळे, ट्रे छोटे ठेवून गिऱ्हाईक मोजत मोजत भरल्यामुळे. आपण ताट टाकून दिलं की तो हिशोबच कोलमडतो. थोडं घ्या, परत घ्या, कुणी अडवत नाही. मुलांना कमी दर लागावा म्हणून त्यांचं वय कमी सांगणं तर नकोच, शेजारी उभं राहून ते मूल ऐकत असतं.

दुसरी गोष्ट टिपची. "आपणच उठून वाढून घेतलं, मग टिप कशाची?" अहो, खरकटी ताटं कोण उचलतं? पाणी, चहा कोण आणून देतं? टेबल कोण पुसतं? केंद्रीय कायद्याने टिपवर काम करणाऱ्यांचं किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर अडकलंय. ओहायोत त्याहून जास्त आहे, पण टिपशिवाय भागेल इतकं नाही. टेबलावर एक डॉलर टाकून निघणं मला बघवत नाही. आम्ही आता ठरवलंय, माणशी तीन डॉलर, रोख, आणि ज्यांनी आपलं टेबल सांभाळलं त्यांच्या हातात. पुढच्या शुक्रवारी जे जे येणार आहेत त्यांनी सुट्टे घेऊन या, कारण तिथे काउंटरवर सुट्टे मागत बसायला मला आवडत नाही.