काचेच्या आतली वाफ

उकाड्यातून एसीत शिरलं की घड्याळाच्या काचेवर आतून वाफ धरते आणि लोक म्हणतात अरे मागे ३० मीटर लिहिलंय ना, मग पाणी गेलंच कसं! अहो ३० मीटर म्हणजे तेवढी खोल बुडी मारता येते असं नाहीच मुळी, तो साधारण ३ बार दाबाचा आकडा आहे आणि तोही नव्या घड्याळाचा. गरम पाण्याची आंघोळ, वाफ, घाम यात आतलं रबरी गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं कडं, हळूहळू कडक होत जातं, आणि वर सेल बदलताना झाकण उघडून तेच सुकलेलं गॅस्केट परत दाबून बसवतात, ना सिलिकॉन ग्रीस ना प्रेशर टेस्ट, याचा तर भयंकर राग येतो मला. बाहेरून काच धूसर झाली तर पुसा, काही बिघडत नाही. आतून झाली तर मात्र लगेच उघडून सुकवून घ्यायला हवं, कारण ती वाफ दिसेनाशी झाली तरी ओलावा आतच असतो, काटे डागाळतात, मशीन गंजतं. आणि घड्याळाच्या बाजूची चावी पूर्ण आत दाबलीय का तेवढं तरी बघत जा की! घामाने भिजलेला लेदरचा पट्टा तसाच डबीत कोंबतात, मग बुरशी धरणारच ना.