'सर, हप्ता बसेल ना?'

आज ऑफिसात एका पोराच्या हातात पगारवाढीचं पत्र पडलं. बरं वाटलं, खरंच. पण अर्ध्या तासात तो मोबाईलवर एक नवा फोन दाखवून मला विचारतोय, "सर, याचा हप्ता बसेल ना आता?" अरे, वाढीव पगार अजून खात्यात जमासुद्धा नाही! मी "बघ बाबा" म्हणून उठलो. तेव्हा बोललो नाही, म्हणून आता इथे.

माझी पहिली बरी पगारवाढ झाली त्या वर्षीची खर्चाची वही अजून माझ्याकडे आहे. वाढीआधीच्या पानांवर पेनाची रिफिल, बुटाची शिलाई, सगळं नावानिशी. वाढीनंतरच्या चौथ्या महिन्याच्या पानावर मात्र सात ठिकाणी एकच शब्द: 'किरकोळ'. आकडा आहे, कशाचा ते नाही. पंचवीस तारखेला रेघ ओढून काढलेली शिल्लक पूर्वीएवढीच. वर एक हप्ता डोक्यावर.

आणि ते पैशाचे सल्ले देणारे व्हिडिओवाले! म्हणे, पगाराचे ५० टक्के गरजा, ३० टक्के हौस, २० टक्के बचत. ज्याचे ७५ टक्के भाडं, औषधं आणि शाळेतच जातात, त्याने ती ३० टक्के हौस कुठून आणायची? पोट भरलेल्यांनी सांगायच्या गोष्टी आहेत या.

वाढ तरी केवढी असते? पगार ८ टक्क्यांनी वाढला आणि महागाई ६ टक्के असली, तर खरी वाढ २ टक्क्यांच्याही आत. त्यात क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना ३ टक्क्यांनी राहू दिली, की व्याजावर व्याज चढून वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जाते. कुठली पगारवाढ पुरी पडणार याला?

हो, मान्य, हौस करावी माणसाने. एकदा, रोख. आणि काहींची वाढ येण्याआधीच उधारीत गेलेली असते, त्यांना मी काही बोलत नाहीये.

तसा राग त्या पोरावर नाहीच. त्या 'किरकोळ'वर आहे, आणि ते माझ्याच अक्षरात आहे.

पुढची वाढ १० टक्क्यांची झाली तेव्हा बायको म्हणाली, "अर्धी वाढ झालीच नाही असं समजू." ती अर्धी पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप दुसऱ्या खात्यात जायची. त्या खात्याचं कार्डच घेतलं नाही. दोन महिने चुकल्याचुकल्यासारखं झालं, तिसऱ्यात विसरलो. चार वर्षांत किती साठले? जेमतेम अडीच महिन्यांचा पगार. हसू नका. त्यानंतर माझी नोकरी गेली, तेव्हा त्या अडीच महिन्यांत मी कुणाच्या दारात गेलो नाही. बायकोने तेव्हा एकदाही "बघितलंस?" म्हटलं नाही, हे आत्ता लिहिताना आठवतंय.

उद्या वही ऑफिसात न्यावी म्हणतो. ते एकच पान दाखवायला.

हे टाईप करेपर्यंत त्याचा मेसेज आला: "सर, घेतला!" सोबत खोक्याचा फोटो. मी अंगठा पाठवलाय. आणखी काय करणार.