दोन हात, चार गिटारी

गिटारी किती लागतात हा प्रश्न वाजवणाऱ्याला कधीच पडत नाही. तो पडतो झाडू मारणाऱ्याला. पलंगाखाली झाडू घातला की तो एका खोक्याला अडतो, कपाटावरची जळमटं काढायला गेलं की दुसरं खोकं हाताला लागतं, आणि मग ऐन दिवाळीच्या तोंडावर, हातात फडकं धरून विचारलं जातं, "एका माणसाला लागतात तरी किती?"

आमच्या लातूरच्या घरात यंदा हा प्रश्न निघाला तेव्हा सासरे हजर होते. ते औशाकडचे शेतकरी, डोळे दाखवायला आले होते. मोतीबिंदू असूनही त्यांना गिटारी बरोबर दिसल्या. "हात तर दोनच हायत जावईबापूंना," ते म्हणाले आणि दिवाणावर मांडी घालून बसले. आबांनी मांडी घातली की समजायचं, जेवणापर्यंत हा विषय मिटत नाही.

मी बँकेत कॅशला बसतो. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजून इतका वीट येतो की घरी आल्यावर मी काही मोजत नाही. मोजणी बायकोनं केली. चार निघाल्या. खरं सांगायचं तर मलाही तीनच आठवत होत्या.

चौथी म्हणजे पहिली. कॉलेजात असताना औरंगाबादेत घेतलेली, तेव्हा शहराचं नाव तेच होतं. आज तिचं पोट फुगलंय, ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, उचललाय आणि बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीवर, तार आणि लाकूड यांच्यामधून करंगळी आरपार जाते. तिच्यावर एफ कॉर्ड धरायचा तर पैलवान लागेल. "ही तर मोडलीय, काढून टाका," असा एकमुखी निकाल लागला. पण चारांमध्ये सगळ्यांत गरजेची तीच आहे, हे कुणाला पटेना. घरात गिटार दिसली की आलेला पाहुणा आधी "एखादं गाणं होऊन जाऊ द्या" म्हणतो, आपण सूर लावेपर्यंत त्याचा धीर सुटतो, आणि तो "बघू बघू" करत ती ओढून घेऊन मोटरसायकलच्या किल्लीनं सहाही तारांवरून खरवडतो. त्याचं पोरगं तर खुंट्याच पिळतं. अशा वेळी पुढं करायला एक गिटार लागते. पाहुण्यांच्या चपलेला घरात जागा असते, पाहुण्यांच्या गिटारीला का नसावी? आबा यावर काही बोलले नाहीत. किल्लीनं खरवडणाऱ्यांत त्यांचा थोरला मुलगा होता.

मग आली खरी वाजवायची, स्टीलच्या तारांची ॲकूस्टिक. तिचं गाऱ्हाणं मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, कारण आमच्या भागात ते सांगायची लाज वाटते. या गिटारीला हवेत ओलावा लागतो. बनवणारे सांगतात, ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवा. आता लातुरात एप्रिल-मे महिन्यात हे कुणी आणि कुठून ठेवायचं? हवा कोरडी पडली की लाकूड आक्रसतं, पण फ्रेट धातूचे, ते काही आक्रसत नाहीत. मग त्यांची टोकं मानेच्या कडेनं बाहेर येतात आणि तळव्याला करवतीसारखी लागतात. वरची फळी खाली बसते, तारा खाली येतात आणि प्रत्येक सूर फ्रेटवर घासून झर्रर करतो. पावसाळ्यात, म्हणजे तो पडला तर, सगळं उलटं. फळी फुगते, तारा वर जातात आणि बोटं रडकुंडीला येतात.

यावरचा उपाय सोपा आहे. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडायची, आत ओला स्पंज पिळून ठेवायचा आणि ती डबी गिटारीबरोबर केसमध्ये ठेवून झाकण लावायचं. मी हा उपाय शिकलो ते साल २०१६. त्या वर्षीचा लातूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वॅगन, पाच लाख लिटर, आणि ती बघायला सगळा देश टीव्हीसमोर. आमच्याकडे धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला, अशी प्रत्येक थेंबाची बदली ठरलेली. अशात बायकोनं मला स्वयंपाकघरात स्पंज भिजवताना पकडलं.

"शहराला रेल्वेनं पाणी यायलंय," ती म्हणाली, "अन् तुम्ही गिटारीला पाजायलाव?"

मी म्हटलं, हे पिण्याचं नाहीच, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आहे. आमच्या बोअरच्या पाण्यानं स्पंज दोन आठवड्यांत दगड होतो, क्षार किती असतात माहितीये ना? हे शास्त्रीयदृष्ट्या अचूक होतं. घरगुतीदृष्ट्या त्यानं आणखी पेटलं. आता पंखा कमी चालणार तोही गिटारीमुळं, असा आरोप लागला, आणि तो आजतागायत मागं घेतलेला नाही.

तरीही त्या उन्हाळ्यात मान वाकलीच. गिटारीच्या मानेत पोलादी सळई असते, ट्रस रॉड. एलन कीनं ती जराशी फिरवली की मान सरळ होते. जराशी म्हणजे पाव फेरा, आणि मग वाट बघायची. माझा हात धजेना. गंजगोलाईच्या बाजूला एक पेटी दुरुस्त करणारे मामा बसतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. भजनाच्या पेट्यांमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी गिटार उलटी केली, भोकातून आत पाहिलं, पाठीवर टिचकी मारली आणि विचारलं, "भाता कुठंय हिला?" भाता नसतो म्हटल्यावर त्यांचा निम्मा रस गेला. तरी माणूस कसबी. फ्रेटची बाहेर आलेली टोकं त्यांनी बारीक कानशीनं अशी घासून दिली की आजही तळवा त्यांना दुवा देतो. सळईला मात्र हात लावला नाही. "जे आपण घातलं नाही ते आपण पिळू नाही," म्हणाले. आमच्या भागातल्या कितीतरी मेकॅनिकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

तेव्हा सळई पुण्याला. ट्रॅव्हल्सच्या गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर, रात्रभर मांडीवर अर्धी. तिथला कारागीर म्हणाला, ठेवून जा, फोन करतो. फोन येईपर्यंत सोयाबीनची पेरणी होऊन गेली. आता मला सांगा, एक गिटार पुण्यात असताना माणसानं वाजवायचं काय? म्हणून दुसरी. दोन गिटारींपाशी तर हिशेब निव्वळ भूगोलानं पोचतो, त्यात हौसेचा प्रश्नच येत नाही.

"ती दुसरी नायलॉनची का घेतली मग? सारखीच का नाही?" हे लेकीनं विचारलं. ती बारावीला आहे, प्रश्न असेच विचारते. मी समजावून सांगितलं की स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर-पंचाहत्तर किलो असतो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास. बोटं सोलपटलेली असतात तेव्हा नायलॉन बरी.

आबा ताडकन सरळ बसले. "सत्तर किलो? रात्रंदिवस?"

"हो."

"म्हणजे कट्ट्याहून जास्त वजन तानून धरलंय त्या फळीनं," असं म्हणून त्यांनी ॲकूस्टिककडे पहिल्यांदा आदरानं पाहिलं. मला वाटलं, आता खटला आपल्या बाजूनं फिरला. पण त्यांनी विचारलं, "मग वाजवत नाही तवा ढिली सोडत जा की." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुगीनंतर बैलगाडीचं जू सोडणाऱ्या माणसाला ट्रस रॉड समजावून सांगायला आयुष्य पुरणार नाही.

इलेक्ट्रिकबद्दल मात्र कुणी ब्र काढला नाही. तिची शिफारस खुद्द गृहखात्याची आहे. लातूरमध्ये ज्या घरात नीटचा विद्यार्थी असतो त्या घरात दोन वर्षं आवाज करायचा नसतो. लातूर पॅटर्न म्हणून सगळा महाराष्ट्र ज्याचं कौतुक करतो, त्यात कुकरच्या शिट्ट्यासुद्धा टेस्ट सिरीज बघून होतात. आमच्या गल्लीत एका घरानं कुत्रं गावाकडं पाठवलंय. अशा शहरात ॲकूस्टिक वाजवणं म्हणजे एका लेकराचं मेडिकल बुडवणं. इलेक्ट्रिकला हेडफोन लावले की मी स्टेडियममध्ये असतो आणि बाहेर नुसती टिकटिक ऐकू येते. "ऐकू येत नाही ती सगळ्यात चांगली," हे बायकोचं मत आहे आणि त्यावर ती ठाम आहे. माझी आहे ती स्ट्रॅटोकास्टरची स्वस्तातली नक्कल. मूळ गिटार फेंडर कंपनीनं १९५४ साली काढली आणि तेव्हापासून जग तिच्या नकला करतंय. लाईट गेली की तिची फळी होते, हा तिचा एकच दोष. आणि लाईट आमच्याकडे जातेच. म्हणून पुन्हा ॲकूस्टिक. बघा, प्रत्येक गिटारीची गरज दुसऱ्या गिटारीनं तयार केलेली आहे, माझा यात फार कमी सहभाग आहे.

इथं लेकीनं मोबाईल काढला. हल्लीचा कुठलाही कौटुंबिक वाद मोबाईल निघाला की हातचा जातो. "बाबा, विली नेल्सन म्हणून अमेरिकेतले गायक आहेत. १९६९ पासून एकच गिटार वाजवतात. तिला ट्रिगर नाव ठेवलंय. वाजवून वाजवून भोक पडलंय तिला, तरी बदलली नाही." फोटो सगळ्यांनी पाहिला. भोक खरंच मोठं होतं. "आणि ती नायलॉनचीच आहे," लेकीनं शेवटचा खिळा ठोकला.

मी म्हटलं, मोबाईल आण इकडं. आणि रिक नीलसन दाखवला, चीप ट्रिक या रॉक बँडचा. त्याच्याकडे शेकड्यांनी गिटारी, आणि त्यातली एक चक्क पाच मानांची.

आबांनी चष्मा लावला. "पाच माना? हात किती त्याला?"

"दोनच."

आबा बराच वेळ तो फोटो पाहत राहिले. त्यांचा मूळ मुद्दा तिथं खिळखिळा झाला, असं माझं मत आहे. पण बायको हार मानणारी नाही. लेकीच्या खांद्यावरून वाचत ती म्हणाली, "हे बघा, क्वीन बँडचे ब्रायन मे. वडील अन् ते मिळून १९६३ पासून घरीच गिटार बनवायला बसले, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. आबांच्या वाड्यात सागवानी चौकट पडून आहे. तुम्ही पण बनवा." घरातल्या पंख्याचा रेग्युलेटर बदलायला मी इलेक्ट्रिशियन बोलावतो हे तिला माहीत आहे. माहीत होतं म्हणूनच ती म्हणाली.

मग तिनं हुकमी पान टाकलं. गुरुवारी दत्ताच्या मंदिरात भजन असतं, तिथं मी हल्ली साथीला बसतो. पेटीवर एक निवृत्त गुरुजी असतात. बुवा कधी 'काळी एक' पट्टीत लागतात, कधी 'काळी दोन'मध्ये, गळ्यावर अवलंबून. मी सी चे कॉर्ड धरतो आणि कॅपो, म्हणजे मानेवर बसवायचा चिमटा, लावतो, काळी एकला पहिल्या फ्रेटवर, काळी दोनला तिसऱ्या. बायकोनं हे सगळं मागं बायकांत बसून हेरलेलं. "तो दोनशे रुपयांचा चिमटा लावला की सगळ्या पट्ट्या निघतात," ती म्हणाली, "मग चार गिटारी कशाला? चार चिमटे घ्या." मुद्दा बिनतोड होता. गुरुजींची पेटी जराशी चढी असल्यामुळं नुसता चिमटा पुरत नाही, सहाही तारा तिच्याशी मिळवून घ्याव्या लागतात, एवढंच मी म्हणू शकलो. बारा तारांची एक घेतली तर भजनात भरणा किती छान येईल, हे वाक्य जिभेवर आलं होतं. गिळलं. वेळ ती नव्हती.

जेवायच्या आधी आबांनी निवाडा दिला. मला वाटलं होतं ते बैलजोडीचा दाखला देतील, एक बैल कुणी ठेवतं का म्हणतील. मी त्यावर भिस्तही ठेवली होती. ते म्हणाले, "मी देवणी जोडी कवाच इकली. सालभर वैरण कोन घालणार? आता ट्रॅक्टर तासावर सांगतो. गिटार तासावर भेटत न्हाई का इथं?" घरातल्या सगळ्यांना हे इतकं पटलं की मी पाण्याचा तांब्या उचलून घटाघटा पीत राहिलो.

शेवटी तडजोड झाली. पाहुण्यांची माळ्यावर गेली, पाहुणा आला तरच उतरेल. नायलॉनची देवघराच्या भिंतीला खुंटीवर, म्हणजे झाडूच्या वाटेत नाही. इलेक्ट्रिक नीटची परीक्षा होईपर्यंत अबाधित. ॲकूस्टिक पलंगाखाली, पण साफसफाईच्या दिवशी मी स्वतः ओढून काढायची. आणि नवीन काही आणायचं नाही, यावर माझी मान हलवून घेण्यात आली.

रात्री वरणात चपाती बुडवताना लेक सहज बोलली, "नंबर लागला तर होस्टेलला मी ॲकूस्टिक नेणार. मला थोडी येते आता."

ही मला बातमी होती. मी ऑफिसात असताना पलंगाखालून काय काय निघत होतं, देव जाणे.

"ती कशाला नेतीस?" बायको म्हणाली. "ती वाकडी होते, पुण्याला न्यावी लागते, स्पंज लागतो. होस्टेलात कोण बघणार ते? पोरीला नवीन घेऊन द्या की एखादी चांगली."

आबांनी मान डोलावली. मी लगेच हो म्हटलं नाही. ताटातला भात संपवला, हात धुतले, परवडेल का ते बघू म्हणालो, आणि बारा तारांच्या गिटारीचं खोकं आपल्या पलंगाखाली मावतं का, याचं माप मनातल्या मनात घेत पेपर उघडून बसलो.