हॅचबॅकमध्ये माउंटन बाइक मावते: एका फॉरवर्डला उत्तर

पाऊस स्थिरावला, टेकड्या हिरव्या झाल्या की पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या फोनवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवरून आला. त्यातला एक आमच्या सोसायटीचा, जिथे सायकल चालवणारा मी एकटाच आहे. मेसेज थोडक्यात असा: ‘सायकलप्रेमींनो, सावधान! छोट्या हॅचबॅकमध्ये माउंटन बाइक बसत नाही, डिकी जेमतेम अडीचशे लिटरची असते. चाकं काढून नेलीत तर डिस्क ब्रेक आणि गिअर कायमचे बिघडतात. टपावर ठेवलीत तर पत्रा चेपतो आणि ॲव्हरेज निम्मं होतं. उपाय एकच, मागच्या दाराला अडकवायचं दोन-अडीच हजारांचं रॅक घ्या. कुठल्याही गाडीला बसतं, तीन सायकली जातात, पोलीसही अडवत नाहीत. नाहीतर सरळ एसयूव्ही घ्या.’ खाली जोडलेले हात, तीनदा.

माझ्याकडे २०१९ ची वॅगनआर आहे आणि एकोणतीस इंची चाकांची, मीडियम साइझची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक. गेली काही वर्षं ही सायकल त्या गाडीच्या पोटात बसून पवना, पानशेत, ताम्हिणी करून आली आहे. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसणं जमलं नाही.

डिकीपासून सुरुवात करू. अडीचशे लिटर हा आकडा खोटा नाही. २०१८ च्या स्विफ्टची डिकी २६८ लिटरची, माझ्या वॅगनआरची ३४१. पण हे लिटर मागची सीट उभी असतानाचे. ती पाडली की डिकी पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत जाते आणि लिटरचा हिशोब तिथेच संपतो. शिवाय सायकल लिटरमध्ये मोजून उपयोग काय? ती काही बादलीत ओतायची नाही. मोजायची ती लांबी. एकोणतीस इंची चाकाचा टायरसकट व्यास साधारण ७४ सेंटिमीटर. माझ्या सायकलच्या दोन्ही आसांमधलं अंतर ११४ सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण सायकल १८८ सेंटिमीटर लांब, आणि ती तशीच्या तशी आडवी कुठल्याच हॅचबॅकमध्ये जाणार नाही, हे कबूल. पुढचं चाक काढलं की ती १५१ वर येते. दोन्ही काढली की उरतात ११४. डायनिंग टेबलाखाली मावेल एवढा ऐवज.

प्रत्यक्षात करायचं ते असं. मागच्या सीट पाडायच्या, पुढची डावी सीट दोन खाच पुढे. आत ताडपत्री. माझी बोहरी आळीतून आणलेली निळी आहे, तिला आता चिखलाचा कायमचा रंग चढलाय. गिअर मागच्या सगळ्यात लहान दातेरी चकतीवर आणायचा, म्हणजे मागचं चाक कुरकुर न करता सुटतं. फ्रेम आडवी टाकताना चेन आणि डिरेलरची (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्राची) बाजू वर. खाली ठेवलीत तर पहिल्याच गतिरोधकाला डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर वाकेल आणि मग गिअर बिघडल्याचं खापर चाक काढण्यावर फुटेल. वर एक जुनी गोधडी. दुसरी सायकल असेल तर ती उलट्या दिशेने, म्हणजे पहिलीचं हँडल जिथे तिथे दुसरीचं शेपूट. मध्ये रुतणारं पेडल काढून ठेवायचं, आणि काढताना लक्षात असू द्या, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मी पहिल्यांदा पाना पकडून अर्धा तास घट्टच करत बसलो होतो. चाकं सगळ्यात शेवटी, पुढच्या सीटांच्या पाठीमागे उभी. डिस्क ब्रेकच्या चकतीवर कशाचंही वजन येऊ द्यायचं नाही. आणि हे सगळं पट्ट्याने बांधायचं. चौदा-पंधरा किलोची सायकल जोरात ब्रेक मारल्यावर कुठे येते ते शोधून काढायची गरज नाही.

सरावाने एका सायकलीला सात-आठ मिनिटं लागतात. दोन माणसं, दोन सायकली आरामात जातात. माझी मागची सीट साठ-चाळीसमध्ये दुमडते, त्यामुळे एकच सायकल असेल तर तिसरा माणूसही बसतो. गुडघे जवळ घेऊन बसतो, पण बसतो.

आता ब्रेकचा मुद्दा. ‘कायमचे बिघडतात’ हे वाचून मला हसू आलं, कारण चाक पटकन निघावं म्हणूनच तर क्विक रिलीज नावाची वस्तू आहे. पंक्चर काढताना चाक काढतोच ना आपण? की पंक्चरवाला दरवेळी नवे ब्रेक बसवून देतो?

तरी या भीतीला एक खरं मूळ आहे, ते सांगितलं पाहिजे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये लिव्हर दाबला की पिस्टन पॅडना चकतीकडे ढकलतात, आणि पॅड झिजत जातील तसे ते स्वतःहून थोडे पुढे सरकून राहतात. मधे चकतीच नसेल आणि कुणी लिव्हर दाबला, तर पॅड एकमेकांना भेटतात आणि मागे यायचं नाव घेत नाहीत. मग चाक परत बसवताना चकती आत शिरत नाही आणि माणूस म्हणतो, ब्रेक गेला. ब्रेक जागेवरच असतो. टायर लिव्हर किंवा तसलंच काही बोथट घालून पॅड हळूच मागे ढकलायचे, झालं. मुळात ही वेळ येऊ नये म्हणून नव्या सायकलबरोबर प्लास्टिकचा एक चिमुकला तुकडा मिळतो, तो पॅडच्या फटीत ठेवायचा असतो. आपण तो खोक्याबरोबर फेकून देतो. मी व्हिजिटिंग कार्डाची पाच-सहा पदरी घडी घालून सरकवतो. चकतीची जाडी असते पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास, घडी तेवढीच होते. सायकल आडवी राहिल्यावर लिव्हर कधी कधी मऊ लागतो. चाक बसवल्यावर, निघण्याआधी आठ-दहा वेळा दाबला की परत कडक. आणि बऱ्याच सुरुवातीच्या किमतीच्या सायकलींना तर केबलचे डिस्क ब्रेक असतात, त्यांना यातलं काहीच लागू नाही.

टपाबद्दल मेसेज अर्धवट बरोबर आहे, म्हणून फार भांडत नाही. पत्रा नुसत्या सायकलने चेपत नाही. नीट क्रॉसबार, म्हणजे टपावरचे आडवे दांडे, बसवले तर वजन दारांच्या चौकटीवर येतं. पण टपावर किती भार चालतो हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावं लागतं, आणि आपल्याकडच्या कित्येक गाड्यांवरच्या त्या रुबाबदार रेलिंग शोभेच्या असतात, त्यांना काहीही बांधायचं नसतं. ॲव्हरेज निम्मं होतं ही थाप. कमी नक्की होतं, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने एक्सप्रेसवेवर जास्त कळतं, मुळशीच्या वळणांवर कमी. मला टप नको वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. दीड मीटर उंच गाडी, वर मीटरभर उभी सायकल. परत येताना माणूस दमलेला असतो, डोक्यावर सायकल आहे हे विसरतो आणि बेसमेंट पार्किंगच्या आडव्या दांड्याखाली गाडी घालतो.

खरी गंमत मागच्या रॅकची आहे, कारण मेसेजने उपाय म्हणून सांगितलेली ही एकच गोष्ट मी स्वतः भोगली आहे.

मित्राची हॅचबॅक, ऑनलाइन मागवलेलं रॅक, दोन सायकली आणि आम्ही तिघं. रॅकचे हुक दाराच्या वरच्या कडेला अडकवायचे होते. त्या कडेला होता प्लास्टिकचा स्पॉयलर. ‘कुठल्याही गाडीला बसतं’ म्हणजे काय ते तिथेच कळायला हवं होतं. आम्ही हुक काचेच्या फटीतून कसेबसे खाली घेतले, पट्टे खेचले आणि निघालो. चांदणी चौकात हवालदारांनी हात केला. मागे फेरी मारून आले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘सायकली छान आहेत. नंबर कुठाय?’’ नंबरप्लेट चाकाच्या आड गेली होती, डावा ब्रेकलाइट दुसऱ्या चाकाच्या. मित्र म्हणाला, ‘‘साहेब, खेळाडू आहोत.’’ साहेबांनी आमच्या पोटांकडे एक नजर टाकली. पावती झाली, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

पिरंगुटच्या पुढे मागे बसलेल्याला जळकट वास यायला लागला. गाडी बाजूला घेतली तर पट्टे सैल होऊन सायकली वीतभर खाली आलेल्या, आणि माझा मागचा टायर थेट सायलेन्सरच्या तोंडाशी. टायरच्या बाजूला तळहाताएवढा डाग, रबर फुगून चकाकत होतं. बोट लावलं तर मऊ. अजून दहा मिनिटांनी काय झालं असतं ते सांगायला नको. पट्टे परत आवळताना दाराच्या रंगावर दोन ठिकाणी उमटलेले चरेही दिसले.

हे रॅक स्वस्त होतं, आम्ही अडाणी होतो, मान्य. चांगलं रॅक, गाडीच्या मॉडेलला जुळणारं, नीट बांधलेलं असेल तर टायर जळणार नाही. पण लांबीचं गणित कुठल्याच रॅकला चुकत नाही. सायकल १८८ सेंटिमीटर. मागे आडवी लावली की ती गाडीच्या रुंदीवर बसते. स्विफ्टची रुंदी १७३ सेंटिमीटर, वॅगनआरची १६२. म्हणजे स्विफ्टला पंधरा आणि वॅगनआरला सव्वीस सेंटिमीटर चाक बाहेर. शेजारून घासून जाणाऱ्या दुचाकीच्या हँडलच्या उंचीला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये एक पोटकलम घातलं गेलं: माल बॉडीच्या बाजूंच्या बाहेर आला तर दंड वीस हजार रुपये, शिवाय माल उतरवायचा खर्च वेगळा. ते ट्रकसाठी आहे असं म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण कलमात शब्द ‘मोटार वाहन’ असाच आहे. अडवायचं की नाही हे त्या दिवशी चौकात कोण उभं आहे त्यावर. मेसेज लिहिणारा नक्कीच नसणार.

यातून सुटायचं कसं? पुढचं चाक काढायचं! मग सायकल १५१ सेंटिमीटरची होते आणि रुंदीत बसते. म्हणजे जे चाक काढल्याने सायकल ‘कायमची’ बिघडते असं मेसेज म्हणतो, ते त्याच्याच रॅकसाठी काढावं लागतं. एकदा चाक हातात आलंच आहे, तर मग सायकल पावसात, धुळीत, चोराच्या नजरेसमोर बाहेर का लटकवायची? वाटेत मिसळीला थांबलात तर आतली सायकल कुलपात असते. रॅकवरच्या सायकलीसाठी एकाने बाहेर उभं राहून मिसळ खायची.

उरला एसयूव्हीचा सल्ला. दहा-बारा लाखांच्या आसपास ज्यांना आपण एसयूव्ही म्हणतो त्या बहुतेक चार मीटरच्या आत ठेवलेल्या असतात, करात सवलत मिळावी म्हणून. उंची वाढली, चाकं मोठी झाली, पण आतली लांबी हॅचबॅकच्या बहिणीसारखीच. तिथेही सीट पाडा, चाक काढा हेच. डिकीची कड मात्र वर असते, म्हणजे फ्रेम जास्त उचला. सायकल नेण्यासाठी म्हणून कुणी ती घेत असेल तर आधी शोरूममध्ये टेप घेऊन जावं. सेल्समन विचित्र बघेल, बघू दे.

एक मात्र खरं: तीन सायकली आणि तीन माणसं हॅचबॅकच्या आत मावत नाहीत. आम्ही तेवढे असतो तेव्हा दोन गाड्या काढतो, किंवा छोटा टेम्पो सांगतो आणि भाडं वाटून घेतो. मग ते काही जड जात नाही.

आणि चाक काढून नेण्यात एक धोका खरोखर आहे, जो त्या मेसेजमध्ये नाही. मागच्या ऑगस्टमध्ये पहाटे साडेपाचला मी सगळं शिस्तीत भरलं, पट्टे आवळले, कार्डाची घडी पॅडमध्ये सरकवली आणि पवनेला पोचलो. डिकी उघडली. फ्रेम होती, मागचं चाक होतं, हेल्मेट होतं. पुढचं चाक आमच्या पार्किंगमध्ये खांबाला टेकून उभं होतं. मित्र तीन तास चिखलात मनसोक्त खेळला, मी टपरीवर चार चहा घेतले. दुपारी घरी आलो तर वॉचमनकाकांनी चाक केबिनमध्ये नेऊन, साखळी घालून, कुलूप लावून ठेवलेलं. म्हणाले, ‘‘बाकीची सायकल चोरीला गेली वाटतं, साहेब?’’